दुपारी घरी कोण?

जुलै २०२५ मध्ये एक बातमी या फोनवरून त्या फोनवर फिरत राहिली: केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना आता आई-वडिलांच्या सेवेसाठी तीस दिवसांची रजा. ठाण्याच्या लोकलमध्ये, सोसायटीच्या कट्ट्यावर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मूळ बातमी वाचायची तसदी फार थोड्यांनी घेतली होती. राज्यसभेतल्या एका प्रश्नाला उत्तर देताना मंत्र्यांनी एवढंच सांगितलं होतं की कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धपगारी, ८ दिवस किरकोळ रजा आणि २ ऐच्छिक सुट्ट्या आहेतच. त्या कुठल्याही वैयक्तिक कारणासाठी घेता येतात आणि आई-वडिलांची देखभाल हेही त्यातलंच एक कारण. म्हणजे रजा जुनीच, नाव तेवढं नवं. भांडण मात्र जोरात झालं. एका बाजूचं म्हणणं, आई-बापाला बघायला रजा कसली मागता, संस्कार असले की सगळं जमतं. दुसरी बाजू म्हणाली, म्हातारपणाची सोय ज्याची त्याने करून ठेवायला हवी होती, मुलांनी किती म्हणून ओढायचं? मग नेहमीप्रमाणे वृद्धाश्रम चांगला की वाईट यावर येऊन गाडी थांबली.

गंमत अशी की या दोन्ही बाजूंचं एका बाबतीत पूर्ण एकमत आहे: हा घरातला मामला, घरातच मिटवायचा. मला नेमकं हेच मान्य नाही. चाळीस ते पंचावन्नच्या मधलं जे माणूस, बहुतेक घरांत जी बाई, मुलांचंही करते आणि सासू-सासऱ्यांचं किंवा आई-वडिलांचंही करते, तिच्याजवळची माया आटलेली नाही. सकाळी आठ ते रात्री आठ घरात थांबायला तिच्याकडे माणूस नाही, अडचण ती आहे. ते माणूस, दिवसा नेऊन बसवायला जागा आणि अडीअडचणीला रजा, या तिन्हींची व्यवस्था महापालिका, मालक आणि सरकार यांनी मिळून लावायची आहे, जशी शाळेची आणि लसीकरणाची लावली. संस्कारांवरचा वाद रंगत राहतो तोवर या तिघांना कुणी काही विचारत नाही. त्यांच्या ते पथ्यावरच पडतं.

संस्कारवाल्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, हे आधी कबूल करते. घर नावावर करून घेतलं आणि वर्षभरात आईला गावच्या पडक्या घरात नेऊन सोडलं, अशा कहाण्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ साली करावा लागला तो उगाच नाही. त्यातलं कलम २३ तर याच फसवणुकीसाठी आहे: सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर परत मिळवता येतं. पण हा कायदा नीट वाचला की त्याचा रोख कुठे आहे ते कळतं. प्रांताधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात जाऊन मुलाकडून निर्वाह भत्ता मागता येतो, तो जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. आई-बापाला वाऱ्यावर सोडलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्याने सोडलं त्याला शिक्षा. ज्याने सोडलं नाही, जो रात्री तीन वेळा उठून वडिलांना कुशीवर वळवतो, त्याच्यासाठी कायद्यात काय आहे? दवाखान्यात ज्येष्ठांची वेगळी रांग असावी असं त्यात म्हटलंय. त्या रांगेत त्यांच्यासोबत उभं राहणाऱ्याचा त्या दिवसाचा पगार कोण देणार, यावर अवाक्षर नाही. जिल्ह्याला निदान दीडशे निराधार वृद्धांचा एक वृद्धाश्रम असावा हेही आहे, पण राज्य सरकार तो उभारू 'शकेल' अशा भाषेत. मुलांचं कर्तव्य सक्तीचं आणि सरकारचं ऐच्छिक, ही वाटणी कुणी केली?

पुंडलिकाचा दाखला या वादात हटकून येतो. आई-बापाची सेवा करताना दारात आलेल्या देवालाही विटेवर थांबवणारा तो भक्त. दाखला मोठाच आहे. पण पुंडलिकाला आठ-बावन्नची लोकल गाठायची नव्हती. (त्या दिवशी त्या घरात चूल कोण सांभाळत होतं, हेही कुठला कीर्तनकार सांगत नाही.)

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ, 'ज्याने त्याने आपली सोय करावी' म्हणणारी. ही मंडळी स्वतःला व्यवहारी समजतात, पण त्यांचा हिशोब कच्चा आहे. वागळे इस्टेटमध्ये आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्य काढलं, त्यांतल्या कितीतरी जणांना कर्मचारी पेन्शन योजनेचं, म्हणजे ईपीएस-९५ चं, निवृत्तिवेतन मिळतं. त्याची किमान रक्कम सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. एवढ्यात म्हाताऱ्या माणसाच्या महिन्याच्या गोळ्यासुद्धा येत नाहीत. आणि कारखाना बंद पडला तेव्हा हातात आलेली रक्कम कुठे गेली? मुलाच्या इंजिनिअरिंगच्या फीला, मुलीच्या लग्नाला, फ्लॅटच्या पहिल्या हप्त्याला. आज जे 'सोय करून ठेवायला हवी होती' म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं शिक्षण त्याच सोयीतून झालंय.

विमा काढा, हा पुढचा सल्ला. तोही अर्धाच उपयोगी. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचं कवच मिळतं. चांगली योजना आहे, नावं ठेवायचं कारण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, तेही चांगलं झालं. पण आजी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं तर काय होतं ते बघा. दवाखान्यात आठवडा, त्याचा खर्च विमा उचलतो. घरी आणल्यावर पुढचे दोन-तीन महिने कमोडची खुर्ची, वॉकर, डायपर, व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट आणि दिवसभर सोबत बसणारी बाई. हा सगळा खर्च घरचा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र वृद्धांना अशा साधनांसाठी ३,००० रुपये मिळतात, तेही एकदाच. आपल्याकडच्या योजना आजाराला ओळखतात, परावलंबनाला ओळखत नाहीत. शस्त्रक्रिया दिसते आणि तिचं बिल होतं. शौचाला नेणं कुणाच्याच बिलात बसत नाही.

इथे हमखास एकत्र कुटुंबाची आठवण निघते. पूर्वी नव्हते का लोक सांभाळत? होते. पण किती जणांना? १९५१ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशभरात सुमारे २ कोटी होते, २०११ मध्ये ते १० कोटी ३८ लाख झाले आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण ९.९ टक्क्यांवर गेलं. खाली मुलांची संख्या आटत गेली. राज्यात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवलं. पूर्वी चार-पाच भावंडांत वाटला जाणारा भार आज एका-दोघांवर आलाय आणि तो वाहायचा काळही लांबलाय. अर्धांगवायू झालेला माणूस पूर्वी फार दिवस काढत नसे; आज औषधांमुळे दहा-दहा वर्षं जगतो, आणि जगावाच.

शिवाय त्या एकत्र कुटुंबात करणारं कोण होतं? माजघरातली विधवा आत्या, एकवेळ जेवणारी, जिला जायला दुसरं घरच नव्हतं. आजोबांचं पथ्य, सुनेचं बाळंतपण, गोवर आलेली तीन पोरं, सगळं तिच्या अंगावर. तिच्या फुकटच्या श्रमावर उभी असलेली व्यवस्था आपण संस्कृती म्हणून मिरवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रमाबाई रानड्यांच्या पुण्यातल्या सेवासदनने अशाच बायकांना परिचारिकेचं शिक्षण द्यायला घेतलं तेव्हा प्रतिष्ठित घरांतून नाकं मुरडली गेली. घरात दिराचं मलमूत्र काढलं तर तो धर्म आणि दवाखान्यात पगार घेऊन परक्याचं काढलं की अब्रू गेली! शंभर वर्षांत आत्या गेली आणि तिच्या जागी नोकरी करणारी सून आली. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. त्यातही वेळ बघायचा तर स्त्रियांची दिवसाला सुमारे १४० मिनिटं आणि पुरुषांची ७४. 'कुटुंबाने करावं' या वाक्यातला कर्ता कोण आहे, ते या आकड्यांत दिसतं.

आमच्या मजल्यावरची एक मैत्रीण ऐरोलीला नोकरी करते. सासऱ्यांचा डावा हात-पाय गेलाय, मुलगी सहावीत. सकाळी सातच्या सुमारास फोन वाजला की तिच्या पोटात गोळा येतो, कारण त्या वेळी फोन फक्त ब्यूरोच्या, म्हणजे सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या, बाईचा असतो: "ताई, आज जमणार नाही." मग बदली बाईसाठी फोनाफोनी, ती नाही मिळाली तर नवरा की बायको, कोणाची रजा जास्त शिल्लक आहे याची बोलणी. तिने हॉलमध्ये कॅमेरा लावलाय आणि मीटिंग चालू असताना मांडीवर फोन ठेवून ती घर बघत असते. एकदा तिने मला दाखवलं. सासरे दिवाणावरून पाय खाली सोडायला लागले. ती फोनच्या स्पीकरवरून हळूच म्हणाली, "बाबा, थांबा, उठू नका." म्हातारा दचकला आणि सून आली म्हणून दाराकडे बघायला लागला. बराच वेळ बघत होता. दुपारी मुलगी शाळेतून येते, आजोबांना मऊ भात भरवते, गोळ्यांच्या डब्यातला 'दुपार' लिहिलेला खण रिकामा झालाय का ते बघते आणि आईला मेसेज टाकते. सहावीतल्या मुलीने आजोबांवर माया करावी, भातही भरवावा. पण घरातली दुपारची पाळी तिच्या नावावर लागावी का?

लहान मुलांच्या बाजूने निदान कायद्याने काहीतरी ओळख दिली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या ठिकाणी पाळणाघराची तरतूद आली. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकट्या वडिलांना मुलांच्या संगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा आहे, राज्यात १८० दिवसांची. खासगी नोकरीत यातलं बरंचसं कागदावर राहतं आणि मूल शाळेत गेलं की दुपारचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, तरी तत्त्व मान्य झालंय: लहान मूल ही एकट्या आईची जबाबदारी नाही. मग तोच न्याय म्हाताऱ्यांना का नाही? आणि दोन्ही एकाच घरात असतील तर? हे दोन प्रश्न वेगवेगळ्या खात्यांकडे असले तरी पाकीट एकच असतं. क्लासची फी आणि फिजिओथेरपी यांची ओढाताण झाली की काट बसते ती मधल्या माणसाच्या दाताच्या दुखण्यावर, चष्म्यावर, सोनोग्राफीवर.

यावरचा सर्वांत जड आक्षेप मला वाटतो तो असा: दिव्यात अजून पाण्यासाठी वणवण आहे, कळव्याच्या महापालिका रुग्णालयावर किती भार आहे ते सगळे बघतात, आणि तुम्ही घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहून सासूला सांभाळायला सरकारी मदत मागता? ऐकायला हवा असा आक्षेप आहे. अशा योजनांचा फायदा बोलक्या वर्गाने आधी लाटायचा हा आपला इतिहास आहे. पण हे दुखणं टॉवरपुरतं आहे हे खरं नाही. टॉवरमधली बाई ब्यूरोला पैसे मोजून नोकरी टिकवते. दिघ्यातली किंवा तुर्भे स्टोअरमधली बाई सासू अंथरुणाला खिळली की धुण्याभांड्याची दोन कामं सोडते, आणि पुढे मुलीची शाळा सुटते. मदतीची गरज तिला आधी आहे. तिच्यासाठी मागायचं आणि सगळ्यांसाठी मागायचं यात विरोध नाही. उलट फक्त गरिबांसाठी म्हणून काढलेल्या सेवांची गत आपण बघतोच: बोलणारी माणसं त्या वापरत नाहीत, म्हणून त्या सुधारत नाहीत.

दुसरा जड आक्षेप मालकांचा. काळजीची रजा सक्तीची केली तर चाळिशीच्या पुढच्या माणसाला, विशेषतः बाईला, कोणी कामावर ठेवणार नाही. ही भीती खोटी नाही. बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची केली तेव्हा तिचा पगार सगळा मालकाच्या माथी टाकला, आणि छोट्या कंपन्यांत मुलाखतीला 'लग्न झालंय का, मूल कधी' हे प्रश्न सुरूच राहिले. यातून शिकायचं ते रजेच्या पैशाबद्दल. कर्मचारी राज्य विमा योजनेत १९४८ च्या कायद्यापासून बाळंतपणाचे पैसे सामायिक निधीतून येतात. मालक पगाराच्या ३.२५ टक्के भरतो, कामगार ०.७५ टक्के, आणि कोणाकडे बाळंतपण आलं म्हणून एकट्या मालकाचा खिसा रिकामा होत नाही. पण त्याची पगारमर्यादा २१,००० रुपये आहे, त्यामुळे मधला नोकरदार वर्ग बाहेर राहतो. मुंबई इलाख्यात हा वाद शतकभरापूर्वी होऊन गेलाय. १९२८ साली कायदेमंडळात गिरण्यांतल्या स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचं विधेयक आलं तेव्हा उद्योगावर बोजा पडेल हेच म्हणणं होतं. डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही तसाच्या तसा लागू पडतो: आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, पण त्या बाईच्या श्रमावर नफा कमावणारा मालकही त्यातून सुटू नये. १९२९ मध्ये कायदा झाला. गिरण्या त्यामुळे बुडाल्या असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मग नेमकं हवं काय? पैसे हातात देऊन मोकळं व्हायची पद्धत मला इथे पुरेशी वाटत नाही. बाईच मिळत नसेल तर पैशाचं काय करायचं? हवी ती जागा, आणि दिवसा उघडी असलेली. नवी मुंबईपुरतं बोलायचं तर सिडकोने १९७० पासून हे शहर आखताना प्रत्येक नोडला, म्हणजे शहराच्या विभागाला, शाळा, बाजार, उद्यान यांच्या जागा ठरवल्या. आखणी तरुण कुटुंबं डोळ्यांपुढे ठेवून होती. वाशी-नेरूळच्या त्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतींत १९८० च्या दशकात तिशीतली जोडपी राहायला आली. ती सगळी एकदमच सत्तरीत पोचली. तिसऱ्या मजल्यावर गुडघे धरून बसलेल्या आजीला खाली उतरणं हाच दिवसाचा कार्यक्रम होऊन बसतो. महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. बऱ्या प्रकृतीच्या माणसाला उत्तम: वर्तमानपत्रं, कॅरम, गप्पा. पण मी पाहिलेल्या एका केंद्राच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. ज्याला काठीचा आधार लागतो तो बाहेरच राहिला, आणि ज्याला शौचाला धरून न्यावं लागतं त्याचा विचारच नाही. विरंगुळा त्याचाच, जो एरवीही तलावपाळीवर फिरायला जातो.

म्हणून प्रभागाला एक असं केंद्र हवं जिथे सकाळी आठला परावलंबी माणसाला आणून सोडता येईल आणि संध्याकाळी नेता येईल. रॅम्प, बसता येईल असं शौचालय, दुपारचं मऊ जेवण, गोळ्या देणारी परिचारिका, आणि न्यायला-आणायला गाडी. शेजारच्या खोलीत शाळा सुटलेली मुलं. जागा नाहीत हे कारण मी ऐकून घेणार नाही. पालिकेच्या किती समाजमंदिरांना दुपारी कुलूप असतं ते फिरून बघा. ती संध्याकाळी साखरपुड्यांना उघडतात. जमणार नाही हेही पटत नाही, कारण नवी मुंबई महापालिकेने अपंग मुलांसाठी वाशीत ईटीसी केंद्र चालवून दाखवलंय. शिक्षण, उपचार, पालकांना मार्गदर्शन, सगळं एका छपराखाली. ते सुरू व्हायच्या आधी तोही 'घरातला मामला'च होता.

अंथरुणाला खिळलेल्यांना केंद्रात आणता येणार नाही. त्यांच्यासाठी केरळकडे बघावं. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी वेदनाशामक उपचारांचं काम सुरू केलं, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि आता पंचायतींच्या परिचारिका घरोघरी जाऊन जखमा धुतात, नळ्या बदलतात, घरच्यांना कसं करायचं ते शिकवतात. पूर्णवेळ सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला तिथे महिना ६०० रुपयेही मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण सांभाळणारा माणूस सरकारी कागदावर आला. जपानने २००० साली दीर्घकालीन देखभालीचा विमा सक्तीचा केला, चाळिशीपासून प्रत्येकाकडून हप्ता घेतला. निम्मा खर्च कराचा, निम्मा हप्त्यांचा. तिथेही सुनेने करावं हीच रीत होती आणि ती मोडेल म्हणून आरडाओरडा झाला. आई-वडिलांसाठी नोकरी सोडणारे लोक तिथे आजही आहेत, तेव्हा विमा आला की सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पण तिथे उरलेलं ओझं मोजलं तरी जातं.

म्हातारे असल्या केंद्रात जाणार नाहीत, 'लोक काय म्हणतील' म्हणतील, हा आक्षेप मला फारसा गंभीर वाटत नाही. पाळणाघरात मूल ठेवणाऱ्या आईला ठाण्यातच तीस-चाळीस वर्षांपूर्वी काय काय ऐकून घ्यावं लागत होतं ते त्या पिढीला विचारा.

उरला प्रश्न काम करणाऱ्या बायकांचा, आणि या सगळ्या चर्चेत त्या कुठेच नसतात. ब्यूरोची बाई दिव्याहून, मुंब्र्याहून, नाही तर मराठवाड्यातल्या गावातून आलेली असते. चोवीस तासांच्या पाळीत ती दुसऱ्याच्या सासऱ्याच्या उशाशी झोपते. तिची आई गावी एकटी आणि पोरं शेजारणीवर टाकलेली. तिच्या पगारातून ब्यूरो कमिशन कापतो, तिला प्रशिक्षण नाही, आजारपणाची रजा नाही. ती न सांगता दांडी मारते म्हणून आपण चिडतो, पण सांगून रजा घ्यायची सोय तिला कोणी दिली? घरेलू कामगारांसाठी राज्यात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच धर्तीवर या बायकांची नोंदणी, महापालिका रुग्णालयांत तीन-चार महिन्यांचं प्रशिक्षण आणि किमान वेतन करता येईल. प्रभागातल्या केंद्रात त्यांना पगारी नोकरी मिळाली तर ब्यूरोची मक्तेदारीही मोडेल.

पैसा कुठून, हे विचारणाऱ्यांनी आपल्या पगाराची स्लिप काढून बघावी. तिच्यावर महिना दोनशे रुपये व्यवसाय कर दिसेल. तो १९७५ साली लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. १९७२ च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेने महाराष्ट्राने मान्य केलं की शेतमजुराच्या हाताला काम नसणं हे त्याचं नशीब नाही, शासनाची जबाबदारी आहे, आणि त्यासाठी शहरातल्या पगारदाराने थोडी झळ सोसावी. पुढे त्याचा कायदा झाला. आज त्या करात वाढ करता येणार नाही, वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा राज्यघटनेतच आहे. पण दुसरी वाट आहे. १९५३ च्या कायद्याने आलेला कामगार कल्याण निधी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापला जातो. कामगार, मालक आणि सरकार तिघंही त्यात भरतात, आणि त्यातून कामगार कल्याण केंद्रं, शिशुमंदिरं, शिवणवर्ग चालत आलेत. गिरण्यांच्या काळात कामगाराच्या मुलाला सांभाळणं हा त्या निधीचा विषय होता. आज त्याच्या आई-वडिलांना सांभाळणं हाही त्याचा विषय करायला नवं तत्त्वज्ञान लागत नाही, वर्गणी वाढवावी लागेल. मी माझी द्यायला तयार आहे. आणि पहिलं केंद्र घोडबंदर रोडला नको; कळव्यात किंवा दिघ्यात उघडावं. आम्ही इकडचे लोक आणखी दोन वर्षं ब्यूरोचे पैसे कसेबसे भरू शकतो, तिकडच्या बायकांनी कामं सोडायला सुरुवातही केली आहे.